चौसष्ट किलो

३ मार्च, मंगळवार

मनातलं लिहा, असं सांगून आज ही वही हातात दिली. गुलाबी आहे. वर फुलपाखरू.

देणारी बाई म्हणजे डायलिसिसच्या हॉलमधली समुपदेशक. दर मंगळवारी येते आणि हसते. कुणी मेल्याचं सांगितलं तरी आधी हसते, मग तोंड बारीक करते. मी तिचं नाव हसरी ठेवलंय. आज तिनं सगळ्या जोडप्यांना एकत्र घेतलं. जोडपी म्हणजे एक जण खुर्चीत, हाताला दोन नळ्या लावलेला, आणि एक जण शेजारी स्टुलावर, पिशव्या सांभाळत. म्हणाली, "आजारी एक जण पडतो, पण आजार दोघांचा असतो. रोज दोघांनी मिळून काहीतरी मजा करायची. आणि जो सांभाळतो, त्यानं वहीत मन मोकळं करायचं."

माझा म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "हिचं मन मोकळं व्हायला एक वही कुठली पुरते, बाई! गठ्ठा आणा." सगळा हॉल हसला. रक्त मशीनमध्ये फिरत असलं तरी याची जीभ मोकळीच.

तर घ्या मनातलं. माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. चौदा महिने झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास इथं. बाकीचे दिवस घरात पाणी मोजून, मीठ बंद, केळं बंद, आणि बोलणंही जवळजवळ बंद. गोळी घेतली का, घेतली. संपला संवाद. मी शिवणकाम करते. नवीन कपडे हल्ली कोण शिवतं? जुने सैल करून दे, घट्ट करून दे, हेच काम. म्हातारा तीस वर्षं वजनकाट्यावर होता. मोठा काटा, ट्रकचा. ट्रक फाटकातून वळायच्या आत आकडा सांगायचा आणि काटा नंतर हो म्हणायचा. माणसांचंही तेच. आमची पहिली भेट झाली तेव्हा नाव विचारायच्या आधी मला म्हणाला, "बावन्न." मी थोबाडीतच देणार होते.

इथं प्रत्येकाचं वजन मशीनला लावायच्या आधी आणि नंतर करतात, किती पाणी काढायचं ते कळावं म्हणून. म्हातारा बसल्या जागी सगळ्यांचे आकडे सांगतो. मास्तर एकसष्ट, बेकरीवाली त्र्याऐंशी. सिस्टर काट्यावर बघते आणि मान हलवते. आज मला म्हणाला, "तू चौसष्ट. बरोबर?" मी काट्यावर उभी राहिले. चौसष्ट. अर्ध्या किलोनं चुकेल तर शपथ.

५ मार्च, गुरुवार

मजा केली. पत्ते खेळलो. दुसऱ्या डावात तो म्हणाला मी पान लपवलं, मी म्हणाले तुमची नजर गेली. त्यानं पत्ते फेकले. मी उचलले नाहीत. अजून तिथंच आहेत.

१० मार्च, मंगळवार

आज हसलो. लिहून ठेवते, कारण कधीपासून हसलो नव्हतो ते आठवत नाही.

हॉलमध्ये एक टोपीवाला आहे. टोपी काढत नाही, बायकोशी बोलत नाही, पेपरात तोंड. घरी येताना मी म्हणाले, "टोपीवाल्याचं काही खरं नाही. महिना काढला तर मिळवली."

"छे! चांगला अठ्ठ्याहत्तर भरतोय."

"ते पाणी आहे. मान बघा त्याची. कॉलरमध्ये चार बोटं जातील. मान बारीक झाली की माणूस गेला. मी जन्मभर कॉलरी लावल्यात."

"आणि मी जन्मभर वजनं केलीत. बेकरीवाली जाणार आधी. भरलेला ट्रक चढावर बसतो."

"लावता पैज?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. घरी येऊन कोटसुद्धा न काढता त्यानं नियम केले. दोघांनी एकेका चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, दाखवायचं नाही. चिठ्ठ्या माझ्या बटणांच्या डब्यात. हॉलमधलं कुणी गेलं की डबा उघडायचा. ज्याचं नाव बरोबर, तो जिंकला. पैसे नाहीत. हरलेल्यानं जिंकलेल्याचं एक ऐकायचं, उलट न बोलता.

"एकच?" मी म्हणाले.

"तुला उलट न बोलता एक जमलं तरी खूप."

"अहो, पाप लागेल हो."

"लागू दे. मला काय काय लागलंय, त्यात ते मागं उभं राहील रांगेत."

त्यावर जे हसू सुटलं ते थांबेना. म्हाताऱ्याला ठसका लागला, मला पोटात कळ आली. हसरीनं सांगितलेली मजा आम्हाला एकदाची सापडली. तिला कळलं तर तिचं हसणं कायमचं बंद होईल.

२४ मार्च, मंगळवार

टोपीवाला गेला. रविवारी, घरीच. खुर्चीवर आज नवी चादर आणि नवा माणूस. रांग आहे, खुर्ची थंड होऊ देत नाहीत.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, आधी डबा आठवला, मग वाईट वाटलं. घरी येऊन उघडला. माझी चिठ्ठी: टोपीवाला. त्याची: बेकरीवाली. मी चुटकी वाजवली. "गुरुवारी भर हॉलमध्ये गाणं म्हणायचं. पूर्ण."

"अगं, माणूस गेलाय."

"उलट बोलायचं नाही."

आता बघू.

२६ मार्च, गुरुवार

म्हणाला. मेला काय रेकला, गाढव बरं. पण दोन्ही कडवी म्हटली. मास्तरांनी मशीनला न जोडलेल्या हातानं ताल धरला. टोपीवाल्याच्या जागी आलेला नवा माणूस घाबरून बघत होता, आपण कुठं येऊन पडलो म्हणून. हसरी नसतानाही हॉल हसत होता. म्हातारा लाल झाला होता. फार दिवसांनी त्याच्या तोंडाला रंग दिसला. मी त्याचं तोंड पुसलं आणि त्यानं माझा हात तसाच धरून ठेवला, मशीन बंद होईपर्यंत.

संध्याकाळी भांडी घासताना अंगठी बोटातून सटकून मोरीत गेली. सापडली. साबणाचा परिणाम.

२ एप्रिल, गुरुवार

नव्या चिठ्ठ्या टाकल्या. म्हातारा मात्र जेवताना माझ्या ताटाकडे बघत बसतो. "एवढंच?" म्हणतो. म्हटलं, तुमच्यासमोर मी खमंग खाऊ आणि तुम्ही अळणी? मला दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. वय झालं की भूक मंदावते. त्यानं स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात ठेवलं. मी परत त्याच्या ताटात ठेवलं. असं तीनदा झालं, मग अंडं खाली पडलं.

१४ एप्रिल, मंगळवार

त्याची विजार आत घ्यायची होती. कंबर मोजली, दोन इंच कमी. काय राहिलंय त्याच्यात! जीव गलबलला. मग टेप हातातच होती म्हणून स्वतःची मोजली, तर साडेतीन इंच कमी. दचकलेच. मग डोकं चालवलं. टेप बावीस वर्षांची, कापडी. कापडी टेप ताणली की आकडा कमी दाखवते, हे शिवण शिकायला गेलं की पहिल्या दिवशी सांगतात. मीच शिकवते पोरींना आणि मीच विसरले.

म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग माझे दोन इंच?"

"तुमचे खरेच गेलेत. तुम्ही आजारी आहात."

"टेप तीच ना?"

"तुम्हाला नाही कळायचं शिवणातलं."

त्यानं शेजारणीकडून नवी टेप मागवली. मशीनवर ठेवलीय, पाकिटात. मला जुनीची सवय आहे. करड्या स्कर्टचं हुक तेवढं आत सरकवलं, कापड ताणलंय.

२८ एप्रिल, मंगळवार

लेकीचा फोन. तोंड दिसतं तो. "आई, किती बारीक दिसतेस गं! गाल कुठं गेले?" म्हटलं, फोनच तसा आहे, बापाला विचार, तोसुद्धा लांबट दिसतो. तिनं बापाला मागितलं. तो फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतलं. बाप-लेकीची गुपितं. वीस मिनिटं! मला कधी वीस मिनिटं दिली नाहीत तिनं.

९ मे, शनिवार

आज म्हाताऱ्याशी कडाक्याचं भांडण.

खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "या वेळी मला जिंकू दे."

"वा! आणि का?"

"तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय."

"मग तोंडानं सांगा की."

"तोंडानं सांगितलं तर ऐकशील?"

"ऐकण्यासारखं असेल तर."

"वरच्या मजल्यावर डॉक्टर बसतात. मी इथं चार तास असतोच. तेवढ्यात वर जा आणि तपासून ये."

"मला काय धाड भरलीय?"

"जिना चढताना मध्ये थांबतेस."

"तुमच्यासाठी थांबते! तुम्हाला एकट्याला थांबायला लाज वाटेल म्हणून!"

सिस्टर बघायला लागली म्हणून गप्प बसले. पण मनातलं लिहायची वही आहे तर लिहिते. मला आजारी पडायला वार कुठला मोकळा आहे? मंगळवार, गुरुवार, शनिवार याचे. सोमवारी औषधं, बुधवारी गिऱ्हाइकं, शुक्रवारी धुणं. मला काही निघालं, तर याला इथं कोण आणणार? एक वार चुकला तर पाणी छातीत चढतं. तेव्हा मला काही होत नाही. होऊ देत नाही.

एकच किडा आहे. स्कर्टचं हुक परवा परत सरकवलं. दुसऱ्यांदा. कापड एवढं ताणतं का, ते कळत नाही.

१९ मे, मंगळवार

मास्तर गेले. पहाटे. हॉलमध्ये येऊन कळलं. गणिताचे मास्तर होते, सगळ्यांच्या गोळ्यांचा हिशेब त्यांना पाठ. चांगला माणूस. त्यांची खुर्ची आज तरी रिकामीच होती.

मी घरी जायची वाट बघितली नाही. डबा पिशवीतच होता. उघडला. माझी चिठ्ठी: मास्तर. त्यांची कॉलर एप्रिलपासून लोंबत होती. म्हाताऱ्याची: परत बेकरीवाली! सहा फुटांवर बसून ती बिचारी आम्हाला बिस्किटं देत होती. तिला कुठं ठाऊक, माझ्या नवऱ्यानं तिला दोनदा पोचवलंय.

जिंकल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा एवढा का पडला, कळेना. डोळे मिटून बसला. म्हटलं, "रडके आहात. हरायची सवय करा."

"माग काय मागायचं ते."

"आजच नाचायचं. माझ्याबरोबर. इथं."

मशीन सुटल्यावर त्याला उभं केलं. सिस्टरनं मोबाइलवर गाणं लावलं. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून आम्ही नाचलो. नाचलो कसलं, रांगलो. बेकरीवालीनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचा एक हात माझ्या खांद्यावर, एक कमरेवर. पाचव्या पावलाला तो थांबला.

"दमलात?"

"हो." पण कमरेवरचा हात काढला नाही. पंजा पसरून दाबून बघत होता, मग वर बरगडीवर. "काय चाचपताय? चळ लागला का या वयात?" सगळे हसले. मी नाचून खुशीत होते, म्हटलं, होऊन जाऊ दे. मोठ्यानं विचारलं, "सांगा, किती भरतेय मी आता?"

एरवी हा क्षणात आकडा फेकतो. आज बघत राहिला. सगळा हॉल वाट बघतोय.

"चौसष्ट," म्हणाला.

"हॅ, मार्चमध्येही चौसष्टच म्हणाला होतात."

"मग? एक ग्रॅम इकडं नाही, तिकडं नाही. तू कधी बदललीस?"

टाळ्या पडल्या. आणि खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला. मनातला किडा मेला. हा माणूस ट्रक लांबून ओळखतो, बायकोला हातात धरून चुकेल होय? कापडच ताणलंय.

२६ मे, मंगळवार

मास्तरीणबाई मास्तरांची शाल आणि चष्मा न्यायला हॉलमध्ये आल्या. मी जवळ गेले. डोळे पुसायला पर्समधून रुमाल काढला, तर त्याबरोबर ती जिंकलेली चिठ्ठी खाली पडली. जपून ठेवली होती, म्हाताऱ्याला चिडवायला. मास्तरीणबाईंनी वाकून उचलली. माझं अक्षर, आणि 'मास्तर'. खाली तारीख: दोन एप्रिल.

"हे काय?"

मला खोटं सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. बाईंना सगळं कळलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू म्हणाल्या, "मास्तर तुमच्याबद्दल काय म्हणायचे सांगू? म्हणायचे, त्या खुर्चीतल्या माणसापेक्षा स्टुलावरच्या बाईचं गणित लवकर संपणार."

म्हाताऱ्याच्या हाताला सुया होत्या, तरी तो उठायला गेला. अलार्म वाजायला लागला. बाई शाल घेऊन निघून गेल्या.

दुःखात माणूस काहीही बोलतं. लाज वाटली, हे लिहून ठेवते. वाटेत म्हाताऱ्याला म्हणाले, "बंद करू या हा खेळ."

"नाही," तो म्हणाला. "एकदा मला जिंकायचंय."

६ जून, शनिवार

नव्या चिठ्ठ्या. म्हाताऱ्यानं लिहायला अर्धा तास लावला. नाव लिहायला कुणी अर्धा तास लावतं? परीक्षेतल्या पोरासारखा हात आडवा धरून, पाठमोरा बसून. चिठ्ठीच्या आठ घड्या केल्या. मी बेकरीवालीचं नाव लिहिलं. एवढ्या वेळा त्यानं लिहिलंय तर असेल काहीतरी.

डॉक्टर म्हणाले, याचं हृदय थकलंय. मशीनवर रक्तदाब खाली जातो, आज दोनदा पाय वर करावे लागले. सिस्टर म्हणते, मशीनचा अलार्मच नादुरुस्त आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

२० जून, शनिवार

आजचा दिवस छान गेला. घरी यायच्या आधी कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांची त्यानं वजनं केली. पोस्टमन, पिशवीवाली, तिची पिशवी वेगळी, एक कुत्रा. कुत्रा साडेअकरा. मी म्हटलं, कुत्र्याला विचारून या. इतके हसलो की एक बाई वळून बघायला लागली, म्हाताऱ्यानं तिलाही सांगून टाकलं, "सत्तर." ती रागानं निघून गेली.

मग एकदम म्हणाला, "मी एकदा मुद्दाम खोटा आकडा लिहिला होता."

हे मला कधी सांगितलं नव्हतं. एक ड्रायव्हर होता म्हणे, ओळखीचा. ट्रकमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माल. खरा आकडा लिहिला तर ट्रक थांबणार, आणि त्याला त्या दिवशी घरी पोचायचं होतं. रडायला लागला. याला दया आली, कमी लिहिलं. पुढं उतारावर ट्रकचा आस तुटला.

"मग? तुमचा अंदाज चुकला नव्हता ना?"

"नाही. आकडा मला माहीत होता. तेच तर."

"मग काटा बिघडलाय म्हणायचं. मोकळं व्हायचं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच तो ट्रक चालवत होते. मग म्हणाला, "अगं, त्या दिवशी नाचताना मी तुला..." आणि थांबला.

"माहितीय, पाय दिला माझ्या पायावर. माफ केलं. चला, औषधाची वेळ झाली."

त्याला उठवताना मीच मटकन खाली बसले. उन्हानं. मग त्यानं मला उठवलं आणि मी त्याला, असे दोघे मिळून घरी आलो. हसरीला सांगायला हवं, याला म्हणतात एकमेकांचा आधार.

४ जुलै, शनिवार

सत्तावीस जूनला हे मशीनवरच गेले. तिसऱ्या तासाला. मी बाहेर चहा घ्यायला गेले होते. चार-चार तास बसले होते अठरा महिने, आणि तेवढ्यात हे गेले.

दुसरं काही लिहवत नाही.

११ जुलै, शनिवार

लेक काल परत गेली. जाताना म्हणाली, आई, बाबांनी मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं, तू तपासून घे. मी म्हणाले, बाप जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि आईलाही आजारी पाडतेस? घाई आहे का? रडत गेली. मी फार टोचून बोलते, कळतं मला. पण जीभ आवरत नाही आणि आवरायला सांगणारा गेला.

घर गप्प. भिंतीवरचं घड्याळ एवढा आवाज करतं, हे माहीत नव्हतं. आज शनिवार. पायांनी आपोआप चपला घातल्या, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले. आता सातही वार मोकळे आहेत.

परत आले आणि बटणांचा डबा दिसला.

हॉलमधलं माणूस गेलं की उघडायचा, हा नियम. उघडला. माझी चिठ्ठी: बेकरीवाली. ह्यांची आठ घड्यांची. उलगडली.

'मी.'

एवढंच. हे जिंकले की हो! जिंकायचं म्हणून एवढं करायचं? मी डब्यातली बटणं भिंतीवर फेकली. शिव्या दिल्या. मोठमोठ्यानं. शेजारीण दार वाजवून गेली. मग चिठ्ठी उलटी केली, तर मागं बारीक अक्षरात: 'जिंकलोय, तेव्हा उलट बोलायचं नाही. सिस्टरच्या काट्यावर उभी राहा आणि आकडा मोठ्यानं वाच. पुढचं तुझं तुला कळेल.'

हरले आहे तर ऐकीन. यांचं एक तरी ऐकीन.

१४ जुलै, मंगळवार

गेले. जिन्यात तीनदा बसले.

यांच्या खुर्चीत एक तरणा माणूस, शेजारी स्टुलावर पोरगेली बायको, मांडीवर गुलाबी वही. हसरी धावत आली, हसली, मग तोंड बारीक केलं. बेकरीवाली माझ्याकडे बघून रडायला लागली. तिला वाटलं मी नवऱ्यासाठी सुकलेय. सिस्टरला म्हटलं, पैज हरलेय, काट्यावर उभं राहायचंय. ती म्हणाली, या ना काकू.

चपला काढल्या. उभी राहिले. मोठ्यानं वाचायचं होतं, वाचलं.

"एक्कावन्न."

सिस्टरचा चेहरा उतरला. "काकू, खाली उतरा. परत चढा बरं."

"एक्कावन्न."

"आधी किती होतं?"

"चौसष्ट. मे महिन्यात, तुझ्यासमोरच नाही का सांगितलं त्यांनी? तूच गाणं लावलं होतंस."

ती माझा दंड धरून म्हणाली, "तुम्ही इथं बसा. मी डॉक्टरांना बोलावते. लगेच."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढचं तुझं तुला कळेल! मी तिचा हात झटकला. "डॉक्टर नको, काटेदुरुस्तीवाल्याला बोलाव! तेरा किलोचा फरक! आणि या काट्यावर तुम्ही माणसांचं पाणी काढता? याच काट्यावर माझ्या नवऱ्याचं वजन केलंत ना सत्तावीस तारखेला? मारलंत त्यांना!"

"काकू, काटा सकाळीच तपासलाय. काकू, प्लीज, ऐका..." पोरगी रडायला लागली. हसरीनं मला मिठी मारायचा प्रयत्न केला, तिलाही ढकललं. खुर्च्यांतली माणसं नळ्यांसकट वळून बघत होती. बघू देत. त्यांचाही जीव जाणार त्या काट्यावर, त्यांना सांगून आले.

यांना माहीत होतं. तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला काटा बिघडलेला कळणार नाही? आधीच ओळखलं होतं यांनी, आणि मी हे सगळ्यांसमोर उघडं पाडावं, म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली. शेवटची पैज जिंकले ती यासाठी. आणि मी वेडी, त्यांना बाकावर म्हणाले होते, काटा बिघडलाय म्हणायचं, मोकळं व्हायचं.

उद्या तक्रार लिहून देणार आहे. हाताला जोर नाही आज, स्कर्टसुद्धा मुठीत धरून घरी आले. हुक सरकवायला आता जागा उरली नाही. पुरावा काय, म्हणून विचारतील. विचारू देत. यांचा अंदाज उभ्या जन्मात अर्ध्या किलोनं चुकलेला नाही. सगळ्या हॉलसमोर, मला दोन्ही हातांत धरून सांगितलंय त्यांनी. मी चौसष्ट किलो आहे.